इन्सुलिनची गरम पिशवी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. पोपटाच्या अंड्यांची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

मी मूळचा नागपूरचा. शिकायला अमेरिकेत, ॲन आर्बरला आलो, इथेच राहिलो, नागरिक झालो आणि पुढे इथल्या केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे तपासात अधिकारी म्हणून लागलो. शेवटची वर्षं टेक्सासमध्ये काढली. लोकांना वाटतं, या कामात पाठलाग फार असेल. प्रत्यक्षात बराचसा वेळ विमानतळावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बॅगा उघडण्यात जातो.

एका दुपारी कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरून आमच्या सहकाऱ्याचा फोन आला. तिथल्या वर्षावनात एक हिरवा पोपट आहे. जगात दुसरीकडे कुठेही तो रानात सापडत नाही आणि तिथेही थोडेच उरलेत. त्यांच्या एका ढोलीतली अंडी चोरीला गेली होती. झाडावर चढणारा माणूस सापडला होता, पण त्याने एवढंच सांगितलं, की माल डॅलसच्या विमानात आहे, तान्ह्या बाळासोबतच्या भारतीय कुटुंबाकडे. विमान उतरायच्या बेतात होतं.

विमानाच्या दारातच ते कुटुंब भेटलं. नवरा-बायको दोघंही आयटीतले, राहायला डॅलसजवळच्या प्लेनोला, वर्क व्हिसावर. कडेवर बाळ आणि सोबत नवऱ्याची आई. मी आणि माझी तरुण सहकारी त्यांना खोलीत घेऊन आलो. बाळाच्या डायपरच्या बॅगेत चेन लावलेली एक छोटी पिशवी निघाली. आत बॅटरीवर चालणारी गरम पट्टी, स्पंज आणि स्पंजात तीन पांढरी अंडी.

बॅग उघडताना मी बॅगेकडे पाहत नाही, माणसांकडे पाहतो. ज्याला आत काय आहे ते माहीत असतं, तो अधिकाऱ्याचा चेहरा वाचत असतो. हे दोघं पिशवीत वाकून बघत होते.

"यात इन्सुलिन होतं ना?" बायको नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. ऑफिसातल्या मित्राने ट्रिप ठरवली होती. चार-पाच कुटुंबं मिळून जंगल बघायला गेली. परतताना मित्राने आपलं इन्सुलिन म्हणून ही पिशवी दिली. त्याला कामासाठी फ्लोरिडामार्गे यायचं होतं. बाळाच्या सामानात कोणी फार हात घालत नाही, तेवढी घरी घेऊन जा, उद्या सकाळी येऊन घेतो, असं म्हणाला होता.

"पण तो असं करणार नाही, सर. He's like my brother."

त्याच्या बायकोने थेट विचारलं, "आम्हाला डिपोर्ट करतील का?"

माल त्यांच्या ताब्यात सापडला होता. कागदावर तेच आरोपी होते. माझ्या सहकारीच्या मते केस तिथेच संपली होती.

आजी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून होत्या. त्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना पाणी दिलं आणि मराठीत म्हटलं, "काकू, जंगल कसं वाटलं?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मराठी आहेस? कुठला?"

"नागपूरचा. इंदोऱ्याचा."

"मग इतका वेळ इंग्रजी काहून झाडत होतास?" पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मला किती वर्षांची शुगर आहे. माझी सुई मीच टोचते. इन्सुलिन थंड ठेवतात बापा. ही पिशवी मांडीवर घेतली तर गरम लागे. निघतानाच मी त्या पोराला विचारलं. तर म्हणे, काकू, हे नवीन टाइपचं आहे."

"आई, मला का नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला.

"सांगितलं. तू फोनमध्ये होतास."

तोवर पक्ष्यांच्या तज्ज्ञ डॉक्टर आल्या. दिवा घालवून त्यांनी एका अंड्यामागे टॉर्च धरला. कवचात लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. त्या तरुण आईने बाळाला छातीशी घट्ट धरलं. अंडी उबवणीच्या पेटीत रवाना झाली.

आजींवर माझा विश्वास बसला होता, पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. तो मित्र सरळ म्हणाला असता, पिशवी माझी नाहीच. म्हणून मी ठरवलं, पिशवी ठरल्याप्रमाणे घरी जाऊ द्यायची. आत दुकानातली कोंबडीची अंडी ठेवायची आणि घरात रेकॉर्डिंग लावायचं.

"They'll warn him," सहकारी म्हणाली. वरिष्ठांनाही हेच वाटत होतं. जबाबदारी माझी, असं मी लिहून दिलं. कुटुंबाने ती केस बिघडवली असती, तर माझी नोकरीही गेली असती.

सकाळी तो आला. हसतमुख, हातात मिठाईचा बॉक्स. आम्ही आतल्या खोलीत होतो. दार आजींनीच उघडलं.

"काकू, पिशवी थंड नाही ना होऊ दिली?"

"का रे?"

"थंड पडली तर सगळं मरेल."

"इन्सुलिन मरतं होय?" आजींनी शांतपणे विचारलं.

तो पिशवी उचलून वळला, तेव्हा दारात मी उभा होतो.

गप्प राहण्याचा हक्क त्याला वाचून दाखवला, पण त्याला बोलायचं होतं. हुशार माणसांना आपल्या बोलण्यावर फार भरवसा असतो. आत इन्सुलिन आहे असंच वाटत होतं, म्हणाला. मी विचारलं, "डोस किती घेता?"

"दहा."

"दहा काय?"

इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात, हा शब्दच त्याला माहीत नव्हता. मग अंडी त्या कुटुंबानेच ठेवली असतील, म्हणाला. मी रेकॉर्डिंग लावलं. 'इन्सुलिन मरतं होय' हे वाक्य खोलीत घुमलं आणि त्याने वकील मागितला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला, खरेदी करणाऱ्याचं नावही दिलं. कुटुंबावर कसलाही ठपका आला नाही. माझ्या सहकारीने स्वतः त्यांच्या घरी जाऊन ते सांगितलं.

तीनपैकी दोन पिल्लं जगली. ती बेटावर परत गेली, तिथल्या केंद्रात वाढली आणि मोठी झाल्यावर त्याच जंगलात सोडली गेली.

मी निवृत्त झाल्यावर आजींच्या मुलाचा फोन आला. "सर, आम्ही परत त्या जंगलात जातोय. आई म्हणते, त्या नागपूरवाल्याला घेऊन चला."

मी आणि माझी बायको गेलो. पायवाट ओली होती, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, आणि अंगठ्याएवढे बेडूक सगळीकडून ओरडत होते. तेव्हाची तान्ही मुलगी आता पुढे पळत होती. पोपट दिसेनात. पोरगी कंटाळून म्हणाली, "Are they even real?" आजी रेनकोट घालून दगडावर बसल्या होत्या. "गप्प बस जरा, येतील," म्हणाल्या.

तिथे बसून मला जाणवलं, की एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते फार थोडं आहे. खोलीत जितकी माणसं असतील, तितक्यांना विचारावं. ज्याला कोणीच विचारत नाही त्याला आधी विचारावं, आणि त्याच्या भाषेत विचारावं. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून सहज मराठी निघाली नसती, तर एक निरपराध घर माझ्या सहीने उद्ध्वस्त झालं असतं.

तेवढ्यात वरून कर्कश आवाज आला. हिरव्या पोपटांचा थवा झाडांच्या शेंड्यांवरून गेला. पंख उघडले की आतली निळी पिसं चमकत होती. आम्ही सगळे उभे राहिलो. माझी बायको टाळ्या वाजवत होती.

"यातले आपले कोणते?" आजींनी विचारलं.

"ओळखू येत नाहीत, काकू. रानातल्यांत मिसळून गेलेत."

त्यांनी मान हलवली. "मग जमलं म्हणायचं."