तारकर्लीत साहेब विचारायला आले

मुंबईहून सुटलेली आगबोट मालवण बंदराबाहेर थांबली, तेव्हा पडावात (माणसे उतरवणाऱ्या होडीत) पहिले पाऊल अर्थातच साहेबांचे पडले. साहेब आरोग्य खात्याचे. पंचायतीचे राज्य नुकतेच आले होते आणि औषधपाण्याचा पैसा कुठे खर्चावा हे गोरगरिबांनाच विचारायचे, असे वर ठरले होते. मी तारकर्लीला मित्राकडे निघालो होतो; वाटभर त्यांनी मला हेच ऐकवले. विचारायच्या आधीच त्यांच्या पिशवीत मालवणच्या बाजारातल्या नव्या दवाखाना-इमारतीचा नकाशा तयार होता. त्यात कमान होती आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटीसुद्धा.

साहेब सरकारी लाँचने तारकर्लीला गेले, मी बैलगाडीने. वाळूत चाके रुतत होती, त्यामुळे निम्मी वाट मी गाडी ढकलतच गेलो.

मित्राच्या घरी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे आला. खळ्यात (अंगणात) शेजारच्या, मासळी विकणाऱ्या तुळसाकाकी बसल्या होत्या. त्यांच्या सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या. साहेबांकडे काय मागणार, मी विचारले.

"दवाखानो आसा मालवणात. पण थंय पोचूचा कसा? गाडयेन जाताजाता सुनेचो पयलो झील वाटेतच गेलो. गावाक एक होडी आणि एक सुईण व्हयी, इतक्याच मागूचा आसा."

सुनेचा पहिला मुलगा असा बैलगाडीतच गेलेला. गावात होड्या आहेत, पण त्या पहाटेच मासेमारीला जातात. बाळ काही त्यांची वाट बघत नाही.

सभा देवळासमोर भरली. वेळ साहेबांच्या जेवणाच्या सोयीने ठरलेली, म्हणून सारे कर्ते पुरुष समुद्रात. उरलेल्या म्हाताऱ्यांपुढे आणि बायांपुढे गावकराने (देवळाच्या पहिल्या मानकऱ्याने) गाऱ्हाणे घातले. या मुलखात कुठलेही काम देवाला सांगून सुरू होते. गावकर एकेक वाक्य म्हणतो आणि जमाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तो बसला आणि त्याच जागी साहेब उभे राहिले.

"या गावाचे आरोग्य सुधारावे."

"व्हय म्हाराजा."

"मालवणात दवाखान्याची भव्य इमारत उभी राहावी."

"व्हय म्हाराजा."

सवयीने आलेला होकार साहेबांनी बिनदिक्कत खिशात घातला. "असे एकमत मी राज्यात कुठे पाहिले नाही," ते मला म्हणाले. कमानीलाही व्हय म्हाराजा मिळाले. अशा माणसाची मला कीव यायला हवी होती, पण चीडच आली.

तेवढ्यात तुळसाकाकी गावकराच्या कानाशी लागल्या. म्हातारा पुन्हा उठला.

"बा देवा म्हाराजा, तुळसेची सून अडली हा, तिका सुखरूप सोडय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सायबाची लाँच तिका मालवणाक नेवंदे रे म्हाराजा."

या वेळच्या 'व्हय म्हाराजा'त सर्वांत मोठा आवाज साहेबांचा होता. ते ऐकत नव्हते, पण रीत त्यांना फार आवडली होती.

आपण कशाला होकार दिला हे कळल्यावर ते सरकारी वाहनाचे नियम सांगू लागले. गावकर शांतपणे म्हणाला, "सायबानू, देवासमोर व्हय म्हटलास. आता मागे फिरूचा नाय."

तोवर बायांनी सुनेला झोळीतून लाँचवर चढवलेही होते. लाँच गेली आणि साहेब बूट हातात घेऊन वाळूतून मालवणकडे चालू लागले. मी पोटभर हसलो.

परतीच्या दिवशी मालवण बंदरावर साहेब पुन्हा भेटले. लोकांनी एकमुखाने इमारत मागितली, असे ते कुणाला तरी सांगत होते. होडीचे नाव नाही, सुइणीचे नाही. गरिबाला बोलायला लावायचे आणि आपले कान झाकून ठेवायचे, अशी ही विचारण्याची नवी तऱ्हा.

तुळसाकाकी मासळीची पाटी घेऊन तिथेच होत्या. नात झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. साहेबांना काही निरोप द्यायचा का, मी विचारले.

"सांगा तेंका," त्या म्हणाल्या, "शिमग्याक परत विचारूक येवा. लाँच घेवनच येवा. माजी धाकटी सून पोटुशी आसा."