माशीवाल्या सरांनी वाचलेला रिपोर्ट

डोंबिवलीच्या कॉलेजात हरिहर आगाशे सरांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि त्यातली निम्मी तरी फळमाश्यांपायी गेली. दुधाच्या बाटल्यांत कुस्करलेलं केळं घालून ते त्या पाळायचे. लाल डोळ्यांची माशी म्हणजे वाइल्ड टाइप, निसर्गात सर्रास आढळणारी, निकोप. पांढऱ्या डोळ्यांची म्हणजे जनुकात बदल झालेली. पोरं त्यांना माशीवाले सर म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यामुळे बायकोचा, वासंतीबाईंचा, रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा सरांनी कुणालाच विचारलं नाही. बायकोला फुप्फुसाचा कर्करोग आहे हे कळून तीन आठवडे झाले होते. डॉक्टर मेघना म्हणाल्या होत्या, गाठीतली जनुकं तपासू, मग रोजच्या एका गोळीवर भागेल की केमो द्यावी लागेल ते ठरवू. रिपोर्टात प्रत्येक जनुकापुढे एकच शेरा होता, वाइल्ड टाइप. सरांचे डोळे भरून आले.

"सगळी जनुकं ठणठणीत आहेत," त्यांनी बायकोला सांगितलं. "गोळीवर भागणार तुझं."

वासंतीबाईंनी विचारलं, नक्की ना? तर सर चक्क रागावले. एकतीस वर्षं काय माश्या मारल्या होत्या त्यांनी? क्षिप्रा, त्यांची लेक, ठाण्यात कोलशेतला राहते. तिला फोन करून त्यांनी आईच्या केमोसाठी टाकलेली रजा रद्द करायला लावली. वासंतीबाईंनी सख्ख्या बहिणीची केमो जवळून पाहिली होती आणि त्या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. त्या दुपारी त्या दोन तास गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांआधी सरच बोलायला लागले. मेघनाबाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग सावकाश सांगितलं की काही गाठी जनुकातल्या एका ठरावीक बिघाडाच्या जोरावर वाढतात, आणि गोळी नेमका तो बिघाड धरते. तो नसेल तर गोळीला धरायला काही उरतच नाही.

"सर, इथे वाइल्ड टाइप ही चांगली बातमी नाही. केमो सुरू करावी लागेल."

शब्दाचा अर्थ सरांना अचूक ठाऊक होता, आजही वर्गात तोच सांगितला असता. आणि तो नीट ठाऊक असल्यामुळेच त्यांनी बायकोला भलतंच सांगून ठेवलं होतं.

"अहो," वासंतीबाईंनी विचारलं, "म्हणजे माझ्यात तो बिघाड असता तर बरं झालं असतं?"

उत्तर सरांनीच द्यायचं होतं.

"हो," सर म्हणाले.

वासंतीबाईंनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. चाळीस वर्षांत डॉक्टर, बँक, शाळा, कुठेही त्या सरांच्या पुढे होऊन बोलल्या नव्हत्या.

"यापुढे जे असेल ते मला सांगा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "यांना नको."