आमच्या ओळीचा खंदक

आमच्या जबलपुरात आता चौकाचौकात पाट्या लागल्या आहेत, शहर स्मार्ट होऊन राहिलंय म्हणून. होऊ दे बापा! पण तोफांच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरांमधली आमची ओळ माझ्या आईनं पासष्टच्या लढाईतच सुधारली होती, आणि तेही सरकारी हुकमानं.

तेव्हा ओळीला नाली नव्हती. सगळ्यांच्या मोरीचं पाणी दारापुढे साचायचं, त्यात पावसाची भर, आणि वर डासांचं राज्य. माझ्या धाकट्या बहिणीला दर पावसाळ्यात हिवताप यायचा. दोन-दोन गोधड्यांखाली पोरगी अशी थडथडायची की खाट वाजायची. डॉक्टर म्हणायचे, "पाणी साचू देऊ नका." वा रे वा! नालीसाठी अर्ज करून करून बाबा थकले होते. उत्तर ठरलेलं, "हो जाएगा."

मग लढाई लागली. बाबांची ड्यूटी बारा तासांची झाली, खिडक्यांना काळा कागद लागला आणि हुकूम सुटला: दर ओळीनं बॉम्बपासून बचावासाठी खंदक खणावा. पुरुष फॅक्टरीत, म्हणून काम बायकांवर आलं. कुठे खणायचं, हे काही हुकमात नव्हतं. आईनं पदर खोचला आणि पहिल्या मोरीपासून थेट खालच्या नाल्यापर्यंत रेघ मारली.

"काहून वो, इतका लांब?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"ओळीतले सगळे मावले पाहिजेत ना," आई म्हणाली आणि कुदळ मारली.

बाबा फिटर. ड्यूटीहून आले की आधी पाणसळ लावून उतार पाहायचे, मग जेवायचे. खंदकाला उतार कशाला, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. बायकोला ते चांगलं ओळखून होते. थोड्याच दिवसांत आमची दारं कोरडी झाली.

मग एक साहेब तपासणीला आले. भरदुपारी भोंगा झाला, आम्ही सगळे पटापट खंदकात उतरलो. आडवं कसं व्हायचं हे दाखवायला साहेब स्वतः इस्त्रीच्या कपड्यांनिशी पालथे पडले. पहिल्या क्वार्टरच्या काकू भोंग्याच्या घाईत कपड्यांची बादली मोरीत लवंडून आल्या होत्या. ते साबणाचं पाणी फेसासकट साहेबांच्या छातीखाली शिरलं.

आम्ही पोरं खिदळलो. साहेब लालबुंद होऊन उठले. "ये खंदक है कि नाली? कल ही भरवाता हूँ! बम गिरेगा तो सब मरोगे!"

हसणं जागीच थांबलं. आईचं तोंड उतरलं. चार माणसांत ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं बहिणीला पुढे ओढलं, तिचा काडीसारखा हात वर धरला आणि म्हणाली, "साहब, बम गिरेगा तो एक बार मरेंगे. ये लड़की तो हर बरसात में मरती है."

एवढं बोलून ती रडायलाच लागली. साहेब बहिणीकडे पाहत राहिले. मग रुमालानं फेस पुसत म्हणाले, "दूसरा खोदो, ऊपर मैदान में. इसे रहने दो."

लढाई थांबली, बाकीचे खंदक बुजवले गेले, आमचा राहिला. पुढे त्याला विटाही लागल्या. दुसऱ्या पावसाळ्यात आई रोज बहिणीच्या कपाळाला हात लावायची. कपाळ थंड असायचं, पण बाईचा विश्वास बसेना. पोळा झाला, गणपती गेले, दसरा आला. सोनं वाटायला बहीण ओळभर पळाली आणि घामाघूम होऊन घरी आली. आईनं सवयीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. बाबा घाबरून उठले.

"अहो, गरम लागून राहिली," आई म्हणाली, "पण पळून आली म्हणून."