पाच कसले, तीन दे

भारतीताई आमच्या सोफ्यावर बसल्या तरी त्यांचा उजवा पाय ब्रेकवरच असे. मी कपात चहा जरा काठापर्यंत ओतला की तो पाय फरशीवर दाबला जाई. टीव्हीवर कुणी धावत जिना उतरलं तरी दाबला जाई. एकदा आम्ही दोघी रिक्षाने पनवेल स्टेशनला गेलो, तर उतरताना रिक्षावाल्यापेक्षा त्याच जास्त दमलेल्या. म्हणाल्या, "बाई, ह्याला मीच आणला इथवर."

ईशान, रेवा, तुम्ही माझ्या गाडीत बसला आहात. ती मला ज्यांनी शिकवली त्या ह्या भारतीताई.

त्या मूळच्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. वडील मचव्यावर तांडेल, समुद्रात होडी नेणारे. लग्न होऊन नवीन पनवेलला आल्या. नवरा आजारी पडला तेव्हा त्याची टॅक्सी स्वतः चालवली, आणि पुढे बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला, शिकवणारीच्या बाजूलाही ब्रेक बसवलेल्या गाडीवर. वडिलांची आठवण म्हणून नाव ठेवलं 'सुकाणू'. तुमच्या आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आपली गाडी खाली उभी राहिली, तेव्हा मी नोकरीतून निवृत्त झालेली असूनही त्यांच्याकडे गेले. त्या मला उलव्याला नेत. तिथे तेव्हा रस्ते तयार होते, राहायला माणसं आलेली नव्हती, नुसते बांधकामाचे डंपर. मी डंपर दिसला की डोळे मिटायची. त्या म्हणायच्या, "बाई, डंपरला घाबरू नका. डंपरवाल्याला घाबरा. आनि डोले उघडे ठेवून घाबरा."

मग क्लासला माणसं येईनाशी झाली. पूर्वी एकीने दुसरीला सांगायचं, दुसरीने जावेला. आता नव्या इमारतींत कोण कोणाला ओळखतं? ज्याला त्याला फोनमध्ये बघायची सवय. भारतीताईंची वेबसाइट होती, पण शोधून ती कुणालाही सापडत नसे. वर मोठ्या अक्षरांत 'सुकाणू', खाली गाडीचा फोटो, बाकी गाडीचा ग सुद्धा नाही. फोनवर 'नवीन पनवेल ड्रायव्हिंग क्लास' लिहिलं की पहिला यायचा तो 'चार दिवसांत गाडी शिका' असं सांगणारा दुसराच क्लास.

"असंच चाललं तर दिवालीच्या आत गाडी इकावी लागंल," त्या म्हणाल्या.

मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात हेच काम केलं होतं. वाचक ज्या शब्दाने शोधेल, त्या शब्दाखाली पुस्तक मिळालं पाहिजे. वेबसाइटचं वेगळं काय असणार? मी म्हटलं, मी बघते. तुम्हाला हे अर्ध्या तासाचं काम वाटेल. तुम्हाला भारतीताई माहीत नाहीत.

"वर काय लिहू? 'गाडी लवकर शिका'?"

"लवकर नको. लवकर शिकलेल्याच आपटतात."

"मग 'आत्मविश्वासाने शिका'?"

"आत्मविश्वास त्या डंपरवाल्याला लय हाय."

"मग लिहू तरी काय, भारतीताई?"

"लिवा, 'घाबरत या'."

शेवटी 'नवीन पनवेलमध्ये महिलांसाठी ड्रायव्हिंग क्लास' एवढं मी लिहिलं. ते खरं असल्यामुळे त्यांना काढता आलं नाही. कळंबोली, खारघर, उलवे ही नावं घातली, वेळा घातल्या. शिकवताना त्या फोन उचलत नसत, म्हणून दुसरा नंबर माझा दिला. काही आठवड्यांनी 'सुकाणू' तिसऱ्या पानावरून दुसऱ्यावर आली. दुसऱ्या पानापर्यंत मात्र कोणी जात नाही.

वर यायचं तर शिकून गेलेल्यांनी अभिप्राय लिहायला हवेत, स्टार द्यायला हवेत, असं मी वाचलं. मी एकेकीला फोन करून विनवलं. रश्मी नावाच्या मुलीने सगळ्यात आधी लिहिलं. पाच स्टार, आणि 'मॅडममुळे माझं आयुष्य बदललं'. मी खूश. संध्याकाळी बघते तर खाली भारतीताईंचं उत्तर, फोनला बोलून लिहून घेतलेलं: "रश्मी, पाच कसले देतेस? तीन दे. स्टेशनच्या पुलाच्या चढावर तुजी गाडी मागं येते. लायसन मिलालं म्हंजे गाडी आली असं नाय. रविवारी ये, चढ परत करू."

मी तडक त्यांच्या घरी गेले. "अहो, हे सगळ्या जगाला दिसतं!"

"दिसू दे. जगानं पन सांबालून राहायला नको तिच्यापासून?"

"ती तुमचं कौतुक करतेय!"

"माजं कौतुक कशाला? गाडी तिनं चालवायची हाय. लायसन कपाटात नि बाय मागच्या सीटवर, अशा किती शिकवल्या मी. मना त्या रस्त्यावर दिसायला पायजेत."

रश्मीने अभिप्राय काढून टाकला. मग कळंबोलीच्या एका शिक्षिकेने इंग्रजीत लिहिलं की मॅडम फार पेशंट आहेत. त्याखाली उत्तर आलं: "मी पेशंट नाय, ठनठनीत हाय. तुमी डावा आरसा बगा." तो अभिप्रायही गेला. मी पासवर्ड बदलला. तर पुढच्या मुलीने चार स्टार दिल्यावर भारतीताईंनी तिला सरळ फोनच केला. त्यानंतर कुणाची लिहायची छाती झाली नाही. मी डोकं आपटून घ्यायची बाकी होते. त्या 'चार दिवसांत' वाल्याकडे रोज नवे स्टार पडत होते आणि आमच्याकडे होते तेही गळत होते.

दिवाळीच्या आधी गाडी गेली. भारतीताई उरणला भावाकडे राहायला गेल्या. मी साइटवर लिहिलं, फोनमधल्या नकाशावरच्या नावापुढेही लावलं: 'कायमचे बंद'. शिकून गेलेल्या सगळ्यांना तसा निरोप पाठवला.

आणि मग ह्या बायका लिहायला लागल्या! मी पाया पडून सांगितलं तेव्हा गप्प बसलेल्या त्या ह्याच. परिच्छेदच्या परिच्छेद, फोटोंसकट. मला इतका राग आला की दोन दिवस मी ते उघडूनही पाहिलं नाही. पाहिलं तर त्यात रश्मीही होती: 'मॅडम, पुलाचा चढ जमला. मुलाला रोज शाळेत सोडते. आता पाच देऊ का?' ह्या सगळ्याचा परिणाम असा की 'सुकाणू' सर्वांच्या वर पोचली. पहिलं नाव, आणि त्याला चिकटून लाल अक्षरांत 'कायमचे बंद'.

मी उरणला फोन करून सगळे अभिप्राय वाचून दाखवले. मग त्या म्हणाल्या, "रश्मीचं ठीक. बाकीच्यांना इचारा, चालवतात का."

परवा उलव्याहून एका मुलीचा मला फोन आला. "सुकाणू ड्रायव्हिंग क्लास ना?"

"बंद झाला गं तो."

"मग सगळ्यात वर का दाखवतंय, आंटी?"

तिने फोन ठेवला. मी तणतणत ते भारतीताईंना सांगितलं.

"तिच्या घरी गाडी हाय का?" त्यांनी विचारलं.

"ते मी कशाला विचारू?"

"मंग फोन उचलला कशाला तुमी? लायसन तिच्याकडं असंल नि घरची गाडी असंल तर मी येते की! उरनवरून उलवा काय लांब हाय? माज्या बाजूला ब्रेक नसंल, हँडब्रेक तर हाय ना मदी!"

मी त्या मुलीला परत फोन लावला. लायसन होतं, कपाटात. गाडीही होती, नवऱ्याची. तो लोकलने ऑफिसला जातो, गाडी दिवसभर तशीच.

तेव्हापासून मी ते 'कायमचे बंद' काढायला बसले आहे. लावताना एकदा बोट टेकवलं तर लागलं होतं. काढताना मात्र नकाशावाले फोटो मागतात, पत्ता पुन्हा मागतात, आणि शेवटी विचारतात, पुन्हा उघडण्याचं कारण काय? माझं चांगलं इंग्रजी त्या चौकटीपुढे चालेना. मग मी मराठीतच लिहिलं: गाडी खाली उभी आहे.