आबांच्या समोरून चालताना

“फुफ्फुसातली गाठ कॅन्सरची आहे,” बायोप्सीचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. जळगावहून खोकल्याचं औषध घेऊन भडगावला परत जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जन्मात विडीला हात लावला नाही. मग मलाच का?

सोबत माझे जेठ, म्हणजे थोरले दीर होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. माझे यजमान गेल्यापासून घरचं तेच बघतात.

फुफ्फुसाचा एक भाग काढावा लागणार होता. ते शरीराला झेपेल का, हे बघायला सिक्स मिनिट वॉक टेस्ट ठेवली. म्हणजे सहा मिनिटांत सपाट जागेवर जमेल तेवढं चालायचं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून. ऐकायला सोपं. पण दहावीच्या परीक्षेला भ्याले नव्हते एवढी मी भ्याले. नापास झाले तर गाठ आतच राहील, हेच डोक्यात.

व्हरांडा लांब होता आणि मधल्या बाकावर आबा बसले होते. आमच्याकडे जेठाच्या समोरून बाई ताडताड चालत नाही. बाक जवळ आला की पदर आपोआप तोंडावर यायचा, मान खाली जायची, पाय हळू पडायचे. जीव टांगणीला लागलेला, तरी खोड जाईना!

डॉक्टरांनी आकडे बघितले. “अंतर फारच कमी भरलं. पण दम तर लागलेला नाही. मग एवढं हळू का चाललात?”

मला रडूच फुटलं. कारण सांगायचीही लाज वाटली. आबांनी ते ओळखलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले नव्हते, सांगणं नेहमी पोरांकरवी. ते उठले आणि म्हणाले, “मन्ही लाज नको धरू, माय. मी खाले जाई बठस. तू बठ्ठा दम लाईसन चाल.” आणि खरंच खाली जाऊन बसले, मी सगळा दम लावून चालावं म्हणून.

विश्रांतीनंतर पुन्हा टेस्ट झाली. पदर खोचला आणि चालत सुटले. घशाला कोरड पडली, छाती धडधडत होती, पण थांबले नाही. सगळे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन करू.”

तुमच्यावर ही वेळ आली तर कुणाची भीड धरू नका. अडचण असेल ती डॉक्टरांना सांगा. भीती जाते असं मात्र मी म्हणणार नाही. तपासणीची तारीख जवळ आली की अजून माझी झोप उडते.

ऑपरेशननंतर मला पहिल्यांदा वॉर्डाबाहेर चालवलं, तेव्हा मला बघून आबा बाकावरून उठून जायला निघाले. टाक्यांत कळ येत होती, तरी मी म्हटलं, “बठा आबा. दखा, मी चालस.”