साडीनं अडवलेली वाट

कळमनुरीकडच्या नव्या रस्त्याखाली जनावरांसाठी बोगदा केलाय. आज त्याच्या तोंडाला कुणीतरी जुनी साडी ताणून बांधलेली दिसली. शेत राखायला, की मागं लावलेला फास झाकायला?

आमच्या हळदीत रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप शिरू नयेत म्हणून आईही अशाच साड्या बांधायची. बाबा मात्र नाल्याकडं जाणारी पट्टी मोकळी सोडायचे. एकदा शेजारचे मारोतीकाका तिथली माती चाचपत बाबांना म्हणाले,

"काहून मोकळं सोडलं? फास लावून राहिला का?"

"त्यायची वाट हाय ती. अडवली तर हळद तुडवतेत."

काकांना पटलं नाही. तेवढ्यात एक रोही आला. त्यानं फडफडणारी साडी हुंगली, आम्हां तिघांकडं संशयानं पाहिलं आणि पट्टीतून सावकाश निघून गेला.

आज बोगद्यापाशी खुरांचे ठसे साडीपर्यंत आलेले होते. तिथून ते वर, रस्त्याकडं वळले होते.