आठ खोल्या, एक स्वयंपाकघर

श्रीलंकेत घर बांधायचं, ही कल्पना मुळात चिडून सुचलेली. डोंबिवलीच्या बागेत रोज सकाळी आम्ही आठ म्हातारी माणसं एका बाकाभोवती जमतो. त्यातल्या बहुतेकांची मुलं परदेशात. कुणाच्या नातवानं बर्फाचा माणूस केला, कुणाच्या सुनेनं दुसरी गाडी घेतली, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. एके दिवशी मीच म्हणाले, परदेश काय फक्त मुलांनाच असतो? आपणही जाऊ. त्यांची पोरं सांभाळायला नव्हे, आपल्या स्वतःच्या घरात राहायला.

सगळे हसले. बँकेतून निवृत्त झालेले काका तेवढे हसले नाहीत, कारण त्यांचा जावई कोलंबोत नोकरीला. त्यानं चौकशी केली. वय झालेल्यांना तिथे राहायचा परवाना मिळतो, समुद्राजवळची जागा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं मिळते, भात आणि नारळ आपल्यासारखेच. विमानाला लागणारा वेळ मानपाडा रोडवर संध्याकाळी रिक्षात बसून काढतो त्याहून फार जास्त नाही. आठ जणांचे आठ सारखे वाटे ठरले.

आठवा वाटा माझ्या तळमजल्यावरच्या शेजारणीचा. ती खाडीकाठच्या गावातली कोळीण. चाळीसेक वर्षं तिनं बाजारात मासे विकले; त्यातूनच तळमजल्यावरचं घर घेतलं, मुलाचं लग्न केलं, नातवंडं वाढवली. आता दोन खोल्यांत सहा माणसं आणि ही झोपते दाराजवळच्या बोळात. तिचे कपडे लोखंडी कपाटाच्या एका फळीवर, तीही सुनेनं दिलेली. बाकीच्यांना श्रीलंका म्हणजे हौस होती. तिला चार भिंती आणि आतून लावायची एक कडी हवी होती.

आमची ओळख भांडणातून झालेली. तेव्हा मी सोसायटीची चिटणीस, वय बत्तीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. घरातल्या प्रत्येक वाटीवर नाव कोरून घेणारी बाई मी! मी जिन्यात सूचना लावली होती, माशांचे पाणी पायऱ्यांवर सांडू नये. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं सापडलं, पापड वाळत घालून गच्ची अडवू नये. गच्चीवर पापड फक्त माझेच असत. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही आणि त्या महिन्यात तिला काडीचाही फरक पडला नाही.

तर नकाशा. आम्ही प्रत्येकानं आपापल्या मागण्या लिहून पाठवल्या. तिकडच्या बांधकामवाल्यानं नकाशा काढला आणि जावयाकरवी विचारलं, ही आठ माणसं एकमेकांशी बोलतात ना? कारण आम्ही आठ खोल्यांना आठ स्वयंपाकघरं मागितली होती. प्रत्येकाला आपला ओटा, आपला मिसळणाचा डबा, आपलं सिंक. शिवाय प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार. समुद्रकिनाऱ्यावर आम्ही डोंबिवलीचीच बिल्डिंग आडवी करून ठेवली होती.

खर्च वाढला आणि शेजारणीच्या आवाक्याबाहेर गेला. ती बाकावर यायची थांबली.

मग मला माझा मोठेपणा सुचला. आज आठवलं की त्या बाईला, म्हणजे मला, कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं, आणि या वेळी ती बत्तीस वर्षांचीही नव्हती, चांगली एकाहत्तरची होती. मी तळमजल्यावर गेले आणि सांगितलं, तू अर्धाच वाटा भर, उरलेल्याच्या बदल्यात तिकडे आमचा स्वयंपाक बघ. मला वाटलं ती मला मिठी मारेल.

ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "बाय, मना खोली पायजे. नोकरी नको. नोकरी मी लय केली."

मी जिना चढून वर आले. गुडघे दुखत होते, पण लाज जास्त वाटत होती. त्याच दिवशी मी नकाशा टेबलावर पसरला आणि सात स्वयंपाकघरांवर लाल पेनानं फुल्या मारल्या. आठवं ठेवलं आणि मोठं केलं. दोन टोकांना दोन ओटे, एक शाकाहारी, एक मासळीचा, भांडीही वेगळी. बाहेरची जाळीची दारं सगळी गेली. पाळीनं स्वयंपाक करायचा. खर्च इतका खाली आला की सगळे वाटे पुन्हा सारखे झाले.

नंतरचे पंधरा दिवस मी घरोघरी फिरले. एक बाई म्हणाल्या, निदान खोलीत लहानशी शेगडी तरी. मी म्हटलं, नाही. एकींनी देवाची शपथ घालून विचारलं, मासे खरंच वेगळ्या ओट्यावर होतील ना? मी म्हटलं, होतील, आणि नाही झाले तर मला हाकलून द्या. काका म्हणाले, ही तर हुकूमशाही झाली. मी म्हटलं, हो. शेजारणीला मात्र मी काहीच समजावलं नाही. फक्त नवा नकाशा तिच्या हातात दिला. तिनं खोलीवर बोट ठेवून विचारलं, कडी आतून ना?

भाडेपट्ट्याच्या आणि आमच्या आपसातल्या कराराच्या सह्या कल्याणला वकिलांकडे झाल्या. सगळ्यांनी न वाचता पटापट सह्या केल्या. तिनं चष्मा लावला आणि मराठी प्रत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. वकील घड्याळ बघायला लागले. काका खाकरले. सहाव्या पानावर तिनं पेन खाली ठेवलं.

"हितं लिवलंय, स्वयंपाकघर महिला सभासद बघतील. मी सही नाय करणार."

तो मसुदा मीच सांगून लिहून घेतला होता, तेव्हा कुणाकडे बघायचं हे मला कळेना. वकील म्हणाले, एवढ्याशा शब्दासाठी सगळं पुन्हा छापावं लागेल. ती म्हणाली, छापा, मी बसलेय. आणि खुर्चीत नीट मांडी घालून बसली. आमच्यातले दोन्ही पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मी वकिलांना सांगितलं, ‘महिला’ काढा, ‘सर्व’ घाला.

नवीन पान आलं. तिनं तेही वाचलं, मग सही केली. पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर.

तिकडे जोत्याचं काम सुरू झालंय. इकडे रोज दुपारी चार वाजता काका तळमजल्यावर कणीक मळायला शिकतात. काल त्यांची पहिली चपाती तव्यावर चिकटली. शेजारीण उलथनं त्यांच्या हातात देऊन म्हणाली, तिकडं तुमची पाळी दर सोमवारी हाय, घाई करा.